बिर्याणी रोज नसते

रमजान आला की पुण्यातल्या खवय्यांना आमची आठवण होते. मोमिनपुरा, कॅम्पातला बाबाजान चौक, कोंढव्यातलं कौसरबाग, इथं मगरिबनंतर पाय ठेवायला जागा नसते. हातात मोबाइल घेऊन मंडळी येतात, कबाबचे आणि फिरनीचे फोटो काढतात, 'मुस्लिम फूड' अशी ओळ लिहून ते सगळीकडे पाठवतात. मला याचं वाईट वाटत नाही. एरवी ज्या गल्लीत यायला लोक कचरतात, तिथं ते जिभेच्या ओढीनं का होईना येतात, चार शब्द बोलतात, पैसे देऊन खातात. येऊ द्यात.

पण यातून एक समजूत घट्ट बसली आहे. मुसलमानाच्या घरात रोज मोठं पातेलं चढतं, रोज मटण शिजतं, दम दिला जातो आणि दुसऱ्या दिवशी शिरखुर्मा होतो. माझ्या ऑफिसात डबा उघडला की अजूनही कुणीतरी मान वाकवून बघतं आणि म्हणतं, "आज बिर्याणी नाही?" अहो, आज मंगळवार आहे. डब्यात गवारीची भाजी आणि पोळी आहे.

सणाचं जेवण सगळ्यांना दिसतं. रोजच्या रात्रीचं जेवण कुणाला दिसत नाही. आमच्याबद्दल लिहिणाऱ्यांना दिसत नाही, आणि आम्ही स्वतः आमच्याबद्दल लिहितो तेव्हाही दिसत नाही. आपल्याकडे कुणी दस्तरखानाविषयी लिहायला बसलं की निजामाच्या, नवाबाच्या खानसाम्यापासून सुरुवात होते. संध्याकाळी सात वाजता हडपसरच्या वाहतुकीतून सुटून घरी आलेल्या बाईनं साडेआठपर्यंत चार माणसांना काय वाढलं, हा इतिहास कोण लिहिणार? तर मी आज माझ्या घरच्या एका अगदी साध्या रात्रीच्या जेवणाबद्दल लिहिते आहे: कोळंबीच्या नूडल्स. पंधरवड्यातून एकदा तरी आमच्याकडे होतात. आणि या एका कढईवरून आमच्या घरात जेवढी चर्चा झाली आहे, तेवढी राजकारणावरूनही झालेली नाही.

पहिला आक्षेप नूडल्सवर. हे आपलं जेवण नव्हे, चिन्यांचं आहे, पोरांचं खूळ आहे. हा आक्षेप माझ्या माहेरच्या मोठ्यांनी घेतला, सासरच्यांनीही घेतला. दोन्हीकडचं एकमत झालेला हा बहुधा एकमेव मुद्दा.

आता 'आपलं' म्हणजे काय ते बघू. मॅगी भारतात आली १९८३ साली. गाड्यावरचं 'चायनीज' त्याच सुमारास आणि त्यानंतर शहरोशहरी पसरलं; लाल रंगाच्या गाड्या, मोठ्या आचेवर उडणाऱ्या कढया आणि चीनमध्ये कुणी ओळखणार नाही असं शेजवान. म्हणजे माझ्या वयाच्या पुणेकराला नूडल्स परक्या वाटाव्यात असं काहीच नाही, आम्ही त्यांच्याबरोबरच वाढलो. पण ते सोडा. पिठाचा लांब बारीक धागा काढायचा, तो वाळवून ठेवायचा आणि लागेल तेव्हा उकळत्या पाण्यात टाकून पंधरा मिनिटांत पोट भरायचं, ही युक्ती आपल्या घरात चीनमधून यायची वाट बघत बसली नव्हती. ज्या घरात दर ईदला शेवया शिजतात, त्या घरानं नूडल्सला परकं म्हणावं याचं मला खरोखर नवल वाटतं.

अरबीत वाळवलेल्या पिठाच्या दोऱ्यांना 'इत्रिय्या' म्हणत. अल-इद्रीसी या अरब भूगोलतज्ज्ञानं ११५४ च्या सुमारास सिसिलीच्या राजासाठी जगाचं वर्णन लिहिलं. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाची नोंद आहे. तिथं पाणचक्क्या होत्या, भरपूर इत्रिय्या बनत असे आणि ती जहाजांत भरून मुसलमानांच्या आणि ख्रिश्चनांच्या मुलखांत जात असे. इटलीच्या पास्त्याचा इतिहास सांगणारे ही नोंद हमखास देतात. चीनमध्ये तर लाजिया इथल्या उत्खननात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या नूडल्स एका पालथ्या वाडग्याखाली सापडल्या. म्हणजे हा धागा कुणा एकाचा नाही. ज्याला साठवणीचं अन्न लागलं आणि ज्याच्याकडे ऊन होतं, त्यानं तो काढला.

आणि आपल्याकडे ऊन कमी नाही. माझ्या आजोळी, दापोली तालुक्यात, तांदळाच्या पिठाचे शिरवाळे करायचे. पिठाचे गोळे उकळत्या पाण्यात शिजवायचे आणि गरम असतानाच लाकडी साच्यातून दाबायचे. हे काम एकट्या बाईचं नव्हे, साच्यावर जोर द्यायला दोघी-तिघी लागत. मग गूळ घातलेल्या नारळाच्या रसात बुडवून खायचे. हिंदूंच्या घरी हेच, आमच्या घरी हेच. सासरी सोलापूरकडे गव्हाच्या शेवया. उन्हाळ्यात खाटेला यंत्र आवळायचं, एकीनं पीठ भरायचं, दुसरीनं दांडा फिरवायचा, तिसरीनं खाली लोंबणाऱ्या शेवया काठीवर अलगद घेऊन उन्हात टाकायच्या. आणखी खाली किनाऱ्यानं गेलं तर भटकळच्या नवायती घरांत शेवयांची बिर्याणी करतात, कोळंबी घालूनसुद्धा. कोळंबी आणि पिठाचे दोरे एका भांड्यात घालणारी मी पहिली बाई नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

खरा वाद मात्र नूडल्सचा नव्हताच. तो कोळंबीचा होता.

मुसलमानेतर वाचकांना हे ठाऊक नसेल, म्हणून थोडं सविस्तर सांगते. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. समुद्रामार्गे आलेल्या अरब व्यापाऱ्यांबरोबर तो मजहब कोकणापासून केरळापर्यंत किनाऱ्यावर रुजला. घाट चढून वर आलं की बहुतेक मुसलमान हनफी. नमाजमध्ये हात कुठे बांधायचे, आमीन मोठ्यानं म्हणायचं की मनात, असे बारीक फरक. रोजच्या व्यवहारात ते कुणाच्या लक्षातही येत नाहीत. लक्षात येतो तो फरक ताटातला. शाफईंच्या मते समुद्रातलं जवळजवळ सगळं हलाल. सूरह माइदाच्या ९६व्या आयतीत समुद्रातली शिकार हलाल ठरवली आहे, तिचा ते सरळ आधार घेतात. हनफी फिक्हचं म्हणणं असं की पाण्यातल्या जिवांपैकी फक्त मासा हलाल. खेकडा नाही, शिंपले नाहीत. मग प्रश्न उरतो: कोळंबी मासा आहे का?

हसू नका. या प्रश्नावर शेकडो वर्षं गंभीर विचार झाला आहे. चौदाव्या शतकात दमीरी यांनी प्राण्यांविषयी जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात कोळंबीला लहान मासाच म्हटलं आहे, आणि भारतातल्या अनेक हनफी उलेमांनी त्याच्या आधारावर तिला परवानगी दिली. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, जीवशास्त्र तिला मासा मानत नाही. तिला कणा नाही, कल्ले आहेत पण खवले नाहीत, ती खेकड्याच्या कुळातली. २०१८ च्या सुरुवातीला हैदराबादच्या जामिया निजामियानं कोळंबी 'मकरूह तहरीमी', म्हणजे हरामच्या अगदी जवळची, असा फतवा दिला तेव्हा वर्तमानपत्रांत मोठ्या बातम्या झाल्या. टीव्हीवर चेष्टाही झाली. पण त्याच वेळी दुसऱ्या उलेमांनी आपण कोळंबी जायज मानतो असं सांगितलंच होतं. अशी दोन मतं सुखानं नांदतात, हे मात्र बातमीत कुठे आलं नाही. आमच्याविषयीच्या बातम्यांत फतवा नेहमी एकच असतो आणि मुसलमानही एकच.

लग्न होऊन मी या घरी आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "मै झिंगे नै खाती बाबा, तुमे खाव." बस्स. एवढंच. भांडी वेगळी केली नाहीत, नाक मुरडलं नाही, मला कुठलं पुस्तक दाखवलं नाही. मीही त्यांना दमीरी ऐकवला नाही. नवऱ्याला लग्नाआधी कोळंबी माहीत नव्हती, आता तो माझ्यापेक्षा जास्त खातो. त्यानं मजहब बदलला का, असं नणंदेनं एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, जीभ बदलली.

आमच्या कढईत यासाठी एक सोय आहे. भाज्या आणि नूडल्स आधी परतून होतात, तेव्हा त्यातला एक वाटा सासूबाईंसाठी बाजूला निघतो, त्यात अंड्याची भुर्जी पडते. मग उरलेल्यात कोळंबी. एकाच आचेवर दोन मजहब, वेळ जास्तीचा तीन मिनिटं. बहुसांस्कृतिकतेवर चर्चासत्रं भरवणाऱ्यांनी ही कढई येऊन बघावी असं मला पुष्कळदा वाटतं. पण त्यांना बिर्याणीच हवी असते.

आता बाजाराचं. पुणे समुद्रापासून दूर, तरी पुण्यात मासळी भरपूर. गणेश पेठेतला बाजार जुना आणि मोठा, पहाटे तिथं घाऊक व्यवहार होतो. कॅम्पात शिवाजी मार्केट. मार्च २०२१ मध्ये तिथं आग लागली आणि मासळीचे, कोंबडीचे गाळे जळाले, तेव्हा आमच्यासारख्या कितीतरी घरांचा आठवड्याचा क्रम विस्कटला होता. कोंढव्यात आता नाक्यानाक्यावर मासळीची दुकानं आहेत, पण मला बाजारात जायला आवडतं. आणि एक गुपित सांगते: सोमवारी, गुरुवारी, शनिवारी जा. पुण्यात बहुतेकांचे ते न खाण्याचे वार. बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी विक्रेत्या बायकांना बोलायला वेळ नसतो. गुरुवारी त्या निवांत असतात, भावात ओढाताण करू देतात, कोळंबी सोलूनही देतात. श्रावणात तर विचारूच नका. आम्हाला वार नाहीत, याचा एवढा तरी फायदा आम्ही घ्यावा. विकणाऱ्या बाईचा स्वतःचा उपास असतो, कपाळाला कुंकू, शेजारी गणपतीचा फोटो, आणि समोर गुरुवारी गिऱ्हाईक म्हणून आम्ही. तिचा गुरुवार आमच्यामुळे चालतो आणि आमचा तिच्यामुळे. याच्यावर कुणी काही बोलत नाही आणि बोलायची गरजही नाही.

पावसाळ्यात, १ जून ते ३१ जुलै, राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ. तेव्हाही बाजारात कोळंबी दिसते ती बहुतेक तळ्यात वाढवलेली, व्हनामी जातीची. ही मूळची पॅसिफिक किनाऱ्यावरची, भारतात २००९ पासून तिच्या शेतीला परवानगी मिळाली आणि आंध्रात तिची तळीच तळी झाली. चवीला ती खाडीच्या कोळंबीची बरोबरी करत नाही. माझ्या आईला ती खाऊ घातली तेव्हा ती म्हणाली, हिला मीठ लावावं लागतं. आपली कोळंबी मीठ घेऊनच येते. खरं आहे. पण आठवड्याच्या मधल्या रात्री, नूडल्समध्ये, ती चालते. मुद्दाम खाडीची मिळाली तर तिचं कालवण करा, नूडल्समध्ये घालून वाया घालवू नका.

कृती सांगते, कारण कृतीशिवाय स्वयंपाकावर मतं मांडणारे लेख मला स्वतःला आवडत नाहीत.

चौघांसाठी अर्धा किलो कोळंबी, कवचासकट. सोलल्यावर ती बरीच कमी भरते, डोकी मोठी असली तर निम्मीच. पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढायचा. हे काम कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. जे टाळतात त्यांच्या घरी मी जेवत नाही. हळद, मीठ, चिमूटभर तिखट लावून बाजूला ठेवायची. आता महत्त्वाचं: डोकी आणि कवचं टाकू नका. चमचाभर तेलात ती लाल होईपर्यंत परता, दोन वाट्या पाणी घाला, आठ-दहा मिनिटं उकळा आणि गाळा. जे नारिंगी पाणी मिळतं तीच या जेवणाची सगळी चव. बाहेरच्या गाड्यावरच्या नूडल्स आणि घरच्या नूडल्स यांत फरक पडतो तो इथं. गाडीवाला पाण्याच्या जागी सॉस घालतो.

तोवर दुसऱ्या शेगडीवर नूडल्स. दीडशे ग्रॅमची दोन पाकिटं. पाकिटावर लिहिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट आधीच उतरवायच्या, गार पाण्याखाली धरायच्या, तेलाचा हात लावायचा. कढई चांगली तापली पाहिजे, धूर दिसेपर्यंत. कोळंबी आधी, दोन मिनिटं, जेमतेम आकसून वळली की बाहेर. पूर्ण वेटोळं झालं म्हणजे रबर झालं. त्याच तेलात ठेचलेला लसूण, भरपूर, दहा-बारा पाकळ्या. आलं, हिरवी मिरची. मग कांदा, कोबी, सिमला मिरची, गाजर, जे असेल ते. भाज्या करकरीत राहिल्या पाहिजेत. नूडल्स टाका, गाळलेलं पाणी पाऊण वाटी घाला आणि ते आटेपर्यंत मोठ्या आचेवर हलवा. दीड चमचा सोया सॉस. व्हिनेगरऐवजी मी कोकमाचं आगळ घालते, एक चमचा. ते मजहबासाठी नाही, चवीसाठी. कोळंबीचं आणि कोकमाचं नातं जुनं आहे, व्हिनेगरला ते जमत नाही. आगळात मीठ असतं, म्हणून मीठ शेवटी चाखून. सासूबाईंचा वाटा काढून झाला की कोळंबी परत कढईत, वर मिरपूड आणि कांद्याची पात. गॅस बंद.

सोललेली कोळंबी आणली असेल तर वीस मिनिटं, पण मग कवचं मागून घ्यायला विसरू नका. घरी सोलायची तर चाळीस. 'दहा मिनिटांत' असं जे व्हिडिओत सांगतात, त्यांची भाजी कुणीतरी आधीच चिरून ठेवलेली असते. त्या कुणीतरीचे हात व्हिडिओत दिसत नाहीत.

उकळून गाळलेली कवचं पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये टाका आणि सकाळी 'स्वच्छ'च्या ताई कचरा घ्यायला आल्या की ओल्या कचऱ्यात द्या. रात्रभर डब्यात ठेवलीत तर मजला जागा होईल. हा सल्ला मी घराच्या स्वच्छतेसाठी देते आहे, पण त्याच्यामागे दुसरंही कारण आहे. पुण्यात भाड्यानं घर शोधताना नाव सांगितल्यावर पलीकडून जी शांतता येते, ती आमच्यातल्या बहुतेकांनी ऐकली आहे. नावाला नाही म्हणता येत नाही, म्हणून मग नॉनव्हेजचं कारण निघतं, वासाचं कारण निघतं. त्याच इमारतीत गोव्याचं किंवा मालवणचं कुटुंब सुकट भाजतं तेव्हा तो 'गावाकडचा वास' असतो. मी हे कडवटपणे लिहीत नाही, आमच्या सध्याच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या काकू वास आला की वर फोन करून "आज कोळंबी का गं?" असं विचारतात आणि मुलाला वाटी घेऊन पाठवतात. पण घर मिळेपर्यंत वासाचा हिशेब डोक्यात ठेवावा लागतो, आणि घर मिळाल्यावरही तो पुरता जात नाही. फ्रीझरमधली ती पिशवी त्याच हिशेबातली आहे.

राहिला शेवटचा आणि माझ्या दृष्टीनं सर्वांत मोठा मुद्दा. हे झटपट जेवण कुणासाठी झटपट?

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. 'जे करतात त्यांची' हे शब्द नीट वाचा. बायकांपैकी ८१ टक्के करतात, पुरुषांपैकी २६. हे सगळ्या देशाचे आकडे आहेत, सर्वधर्मीय. या बाबतीत आपली राष्ट्रीय एकात्मता पक्की आहे.

मिक्सर आला, कुकर आला, तयार पीठ आलं, दोन मिनिटांच्या नूडल्स आल्या. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं की बाईचा वेळ वाचेल. वेळ वाचला हे मी नाकारत नाही. आजीसारखं पाट्यावर वाटायची माझी तयारी नाही. पण शेगडीपुढे उभं कोण राहायचं ते बदललं नाही. वीस मिनिटांचं जेवण असलं तरी ती वीस मिनिटं तिचीच. उलट जेवण जितकं सोपं, तितकं "त्यात काय एवढं" म्हणणं सोपं. बिर्याणी करणाऱ्या पुरुषाचं कौतुक होतं. आमच्याकडे लग्नाच्या देगा पुरुषच चढवतात, भटारी बाबा म्हणून त्यांना मान असतो. बकरी ईदला माझा दीर कलेजी परततो, तेव्हा सगळं घर बघायला उभं राहतं. मंगळवारी रात्री नूडल्स करायला मात्र कुणी उभं राहत नाही, कारण बघायला कुणी नसतं.

आमच्यातल्या ज्या मंडळींना प्रत्येक गोष्टीत सुन्नत हवी असते, त्यांना मी एवढंच विचारते. पैगंबर घरी असताना काय करत, असं हजरत आयेशांना विचारलं गेलं होतं. घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की बाहेर जात, अशा आशयाचं त्यांचं उत्तर बुखारीत आहे. दाढीची लांबी, पायजम्याची उंची यांवर जुम्याच्या बयानात कितीदा बोललं जातं ते मला आठवतं. या हदीसवर बोललेलं मी फार कमी वेळा ऐकलं आहे. कुणी इमामसाहेब हा लेख वाचत असतील तर एखादा जुमा यासाठी द्यावा.

आमच्या घरी मी भाषण न देता पाळी लावली. नवऱ्याला सोमवार, मुलाला गुरुवार. मुलगी अजून नववीत आहे, तिला रविवारची मदत. आणि मुलाला गुरुवार मिळाला म्हणून तिला दोन वार मिळणार नाहीत, हे आधीच ठरलं. सुरुवातीला नणंदेला हे पटलं नाही. "लडके से काम करवा रहीं", असं फोनवर म्हणून झालं. सासूबाईंनी काय म्हणावं? म्हणाल्या, त्याचे अब्बा असते तर तेही शिकले असते, त्यांना कुणी सांगितलंच नाही. या एका वाक्यात त्यांच्या चाळीस वर्षांच्या संसाराबद्दल मला जे कळलं, ते त्यांनी त्याआधी कधी सांगितलं नव्हतं.

नवऱ्याच्या नूडल्स चिकट होतात. तो गार पाण्याखाली धरायला तयार नाही, गरम गोष्ट गार का करायची हे त्याला पटत नाही. मुलगा चांगला करतो, पण कवचांचं पाणी काढायला आळस करतो आणि त्याऐवजी सॉस ओततो. मी बाहेर बसून ते आवाजावरून ओळखते आणि गप्प बसते. त्याला बाजारातला गुरुवार आवडायला लागला आहे. मागच्या आठवड्यात कोळंबीवाल्या मावशींनी त्याला विचारलं, आई कुठं आहे, बरी आहे ना? तो म्हणाला, बरी आहे, आज तिचा वार नाही. मावशी हसल्या आणि मूठभर जास्तीची कोळंबी त्याच्या पिशवीत टाकली, असं त्यानं घरी येऊन सांगितलं. माझ्या पिशवीत त्यांनी एवढ्या वर्षांत कधी काही जास्तीचं टाकलेलं नाही.